पाणी आणि कडता

अक्कोळात तंबाखूला पाणी मारावं तर मनुबाईनं. बाकीच्या बायका मारायच्या नाहीत असं नाही, पण त्यांचं काम म्हणजे एकीकडं चिखल आणि एकीकडं कोरडं ठाक. मनुबाई दव असतानाच ढिगापाशी उकिडवी बसायची, परातीतल्या पाण्यात लिंबाचा डहाळा बुडवायची आणि मनगटाला असा झटका द्यायची की पाणी खाली पडतंय का वरच्या वर विरतंय ते कळू नये. दिवस वर यायच्या आत पान मऊ. मुठीत दाबलं तर चुरा व्हायचं नाही, सोडलं की परत उलगडायचं. निपाणीचे अडतेसुद्धा म्हणायचे, नागोजीच्या मालाला भाव द्यायचा तो नागोजीच्या तोंडाकडं बघून नव्हे, त्याच्या बायकोच्या हाताकडं बघून. नागोजी हे ऐकून खुशाल हसायचा. बायकोचं कौतुक झालं म्हणून फुरंगटून बसणाऱ्यातला तो नव्हता.

आता पाणी मारायचं कशाला? तर वाळलेलं पान हात लावला की भुगा होतं, ते बांधता येत नाही. हे झालं सांगायचं कारण. दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नसे. ते म्हणजे वजन. शेतकरी जरा हात सैल सोडून पाणी मारायचा आणि वखारीतला अडत्या माल काट्यावर चढला की ‘ओल हाय’ म्हणून वजनातून काही शेर कापायचा. त्या कापण्याला कडता म्हणायचे. ह्यानं मारलेलं पाणी त्याला ठाऊक, त्यानं कापलेला कडता ह्याला ठाऊक. दोघं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे, मग पान-सुपारी व्हायची आणि सौदा मिटायचा. आज्या-पणज्यापासून हे असंच चालत आलेलं. ह्याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं, तो रिवाज होता.

आणि त्या वर्षी ह्या दोघांच्या मधे सरकार येऊन बसलं.

लढाईचं चौथं वर्ष. रॉकेलला रांग, साखरेला रांग, कापड तर बघायलाच मिळेना. जोंधळ्याच्या भावानं माणसाच्या तोंडचं पाणी पळवलेलं. तेवढ्यात दवंडी आली की तंबाखूवर कर बसला. शेतसारा होताच, तो जमिनीचा. हा आता पानाचा. तोसुद्धा वजनावर. वरच्या उंची पानाला जेवढा, खालच्या करपलेल्या पानालाही तेवढाच. ज्याच्या घरी तंबाखू आहे त्यानं ती दाखवायची, मोजून द्यायची, सरकारात नोंदवायची, आणि त्याशिवाय घरातून एक पान हलवायचं नाही. आता बोला!

नोंदणीला साहेब आला तो सायकलवरून. मागून बैलगाडीत काटा आणि शिपाई. साहेब म्हणजे कुणी गोरा नव्हे, धारवाडकडचा कानडी माणूस, पस्तिशीचा, बेळगावात भाड्याच्या खोलीत बायका-पोरं ठेवून गावोगाव हिंडणारा. लोक त्याला तंबाखूसाहेब म्हणायला लागले. मनुबाईनं ताक दिलं तर त्यानं दोन तांबे रिकामे केले आणि म्हणाला, “बेळगावात दुधाचा भाव ऐकलात तर तुम्ही हे ताक मला दिलं नसतं, बाई.” पगार होता तेवढाच आणि महागाई वरचेवर वाढत चाललेली, हे त्याच्या धोतराच्या काठाकडं बघून कुणालाही कळलं असतं.

काटा लागणार म्हटल्यावर मनुबाईनं काय केलं असेल? जे जन्मभर केलं तेच. पहाटे उठून पाणी मारलं, आणि जरा सढळ हातानं मारलं, कारण सरकार म्हणजे कडता मोठा कापणार हे तिनं मनाशी धरलेलं. नागोजीला विचारायची गरज तिला वाटली नाही. तव्यावर भाकरी टाकण्याआधी कुणी नवऱ्याला विचारतं का?

माल काट्यावर चढला. साहेबानं आकडा वाचला, वहीत लिहिला. मनुबाई पदर तोंडाला लावून वाट बघत राहिली.

“कडता किती धरला, सायेब?” तिनंच शेवटी विचारलं.

“कसला कडता? सरकार कडता कापत नाही, बाई. जेवढं वजन तेवढं वजन.”

मनुबाईला एवढा आनंद झाला की काही विचारू नका. इतकं वजन त्या घरात कधी भरलं नव्हतं. ती नागोजीकडं बघून म्हणाली, “बघा, राज्य इंग्रजाचं असलं तरी काटा सरळ हाय!”

कोपऱ्यात एक पाटी राहिली होती. साहेबानं विचारलं, “हे कुणाचं?”

ते मालुबाईचं. मालुबाई नागोजीच्या गोठ्याला लागून असलेल्या छपरात राहायची. नवरा जाऊन काळ लोटला, पोटी कुणी नाही, जमीन नावालाही नाही. रोपं लावण्यापासून पानं निवडण्यापर्यंत सगळा हंगाम ती नागोजीच्या रानात राबायची आणि रोजच्या जोंधळ्याशिवाय शेवटी तिला भरून एक पाटी तंबाखू मिळायची. ती तंबाखू भाजून ती मिश्री करायची, निपाणीच्या बाजारात पुड्या विकायची आणि पावसाळ्यात रानात काम नसतं तेव्हा त्याच्यावर खायची. तिचा पावसाळा त्या पाटीत असायचा म्हणा ना.

“त्या बाईच्या नावावर जमीन आहे?” साहेबानं विचारलं.

“अवो सायेब, तिच्या नावावर चूलबी न्हाय,” नागोजी म्हणाला.

“मग तिला तंबाखू ठेवता येणार नाही. परवाना काढावा लागेल. नाहीतर तुमच्यात घाला.”

परवाना काढायला निपाणीला खेपा घालणार कोण आणि त्याचा खर्च भरणार कोण? मालुबाई त्या वेळी दुसऱ्याच्या रानात रोजावर गेली होती. मनुबाईनं पाटी उचलली, काट्यावर ठेवली, आणि मग आपल्या हातानं ती पानं थप्पीच्या वर नीट पसरली. वरून पोती टाकली. संध्याकाळी मालुबाई आली तेव्हा तिला सांगितलं, “तुझं आमच्यात ठेवलंय गं. माल विकला की तुझं तुला देतो.”

“तुमच्यात हाय म्हणजे माझ्याच घरात हाय, आक्का,” मालुबाई म्हणाली.

जाताना साहेब एक गोष्ट बोलून गेला होता. “हे आता लिहिलं गेलं. विकताना मी परत मोजणार. कमी भरलं तर कुठं गेलं ते सांगावं लागेल. चोरून विकलं असं ठरलं तर दंड, आणि दंडावर भागलं नाही तर चिकोडीचं कोर्ट.” त्या दिवशी मनुबाईच्या कानावरून हे वारं गेल्यासारखं गेलं. वजनाचा आनंदच एवढा होता.

नागोजी निपाणीला मारुतीरावांच्या वखारीत गेला. दर वर्षी त्याचा माल मारुतीरावच घ्यायचे. गादीवर बसलेला माणूस, बोलायला गोड, सोन्याची अंगठी बोटात रुतलेली.

“थांब जरा, नागोजी,” मारुतीराव म्हणाले. “भाव बसू दे. कराचं काय गणित हाय ते कळू दे.”

“कर तर तुमी भरणार म्हणं, आण्णा.”

“भरणार की! वखारीतनं माल बाहेर पडला की मीच भरणार. पण मी काय घरातनं आणून भरू? थोडा तुझ्या भावातनं काढणार, थोडा बिडीवाल्याकडनं काढणार.”

“आणि तुमचा वाटा?”

“माझा कसला? मी आपला इकडचं तिकडं पोचवणारा,” असं म्हणून मारुतीराव मोकळेपणानं हसले. नागोजीलाही हसावं लागलं. मोठ्या माणसापुढं दुसरं काय करतो माणूस? घरी आल्यावर मात्र त्यानं जेवताना बायकोला सगळं सांगितलं आणि भाकरी अर्धी टाकून उठला. मालुबाईनं बाजारातून वेगळी बातमी आणली. तेवढ्याच पैशात बिडीच्या कट्ट्यात बिड्या कमी झाल्या होत्या, आणि हमाल लोक एक बिडी दोघांत ओढत होते.

थांबता थांबता चैत्र सरला आणि वैशाखाचं ऊन पेटलं. छपराखालचं घर भट्टीसारखं तापायचं. एका सकाळी मनुबाईनं थप्पीवरचं पोतं सारखं करायला म्हणून हात लावला आणि थप्पी तिला बसकी वाटली. बाजूचा एक बोद, म्हणजे पानांचा बांधलेला गठ्ठा, तिनं उचलून बघितला. तो उचलला गेला! जो दोन माणसांना हलत नव्हता तो तिनं एकटीनं भिंतीपासून सरकवला. आणि तेव्हा, त्या एका घडीत, साहेबाचं सगळं बोलणं तिच्या डोक्यात परत वाजलं. कमी भरलं तर कुठं गेलं ते सांगावं लागेल.

पाणी उडून गेलं होतं, दुसरं काय? वखारीत माल गेला असता तर मोजल्याच दिवशी व्यवहार मिटला असता, पाणी मारलेलं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. पण सरकारनं पाण्याला तंबाखू म्हणून लिहून घेतलं होतं आणि ते पाणी आता आभाळात गेलं होतं. ते आणायचं कुठून?

त्यात गुंडू सनदी आला. गुंडू म्हणजे गावचा निरोप्या, पण निरोपापेक्षा बातमी सांगण्यात त्याचा जीव जास्त. अंगणात टेकून त्यानं पाणी मागितलं आणि म्हणाला, “सदलग्याकडं ऐकलासा न्हवं? एकाचा माल कमी भरला. सायबानं त्याला गाडीत घालून चिकोडीला न्हेला म्हणं. बायको मागनं ऊर बडवत पळत गेली.”

“कुणाला न्हेलं? नाव काय त्याचं?” मनुबाईनं विचारलं.

“नाव कुणाला ठावं! पण न्हेला.”

ते खरं होतं का खोटं देव जाणे. गुंडूच्या दहा बातम्यांत नऊ वाऱ्यावरच्या असायच्या. पण मनुबाईला ती खरीच वाटली. तिला नागोजी गाडीत बसलेला दिसला, हात बांधलेले, आणि आपण मागं.

त्या दुपारी तिनं नागोजीला पाण्याचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मी निपाणीला जाऊन सायबाला इचारून येतो. खरं खरं सांगतो.”

“काय सांगणार? माझ्या बायकोनं पाणी मारून सरकारला वजन दाखवलं, असं? येडं हायसा काय! मग तर फसवल्याचाच गुन्हा. कमी भरलं तर चोर आणि खरं बोललं तर लबाड. दोनीकडनं आपणच.”

“अगं, पण सगळेच मारत्यात की पाणी.”

“सगळे मारत्यात, पण सगळे कुठं जाऊन सांगत्यात?”

नागोजी काही गेला नाही. जायला हवं होतं. हीच वेळ होती, आणि ती अशी हातची गेली. त्याला कचेरीची पायरी चढायची भीती होती आणि बायकोनं नको म्हटल्यावर ती भीती झाकायला चांगलं पांघरूण मिळालं. माणूस भला असला म्हणून धीट असतोच असं नाही.

नंतर गुंडू दुसरा निरोप घेऊन आला, तो मात्र सरकारी. साहेब उद्या येणार, माल मोजून विक्रीला मोकळा करणार.

मनुबाईनं त्या पहाटे पाणी मारलं. ह्या वेळी तिच्या हातात तो झटका नव्हता. पान मऊ येणं हे आता तिच्या डोळ्यांपुढं नव्हतंच. पुढं फक्त साहेबाचा आकडा होता. शेजारच्या भरमाकडून आणलेल्या काट्यावर नागोजी एक एक बोद चढवत होता आणि ती म्हणत होती, “आजून कमी हाय. आजून कमी हाय.” थप्पीच्या पोटात पाणी जावं म्हणून तिनं मधली पानं उकलून तिथं तांब्यानं ओतलं. वरच्या थराला तेवढं द्यावं लागलं नाही, तो वरच्यावर शिंपडला. शेवटी आकडा जमला. तिनं सगळं होतं तसं परत रचून पोत्यांनी गच्च दाबलं आणि साहेबाची वाट बघत उंबऱ्यात बसली.

साहेब आला नाही.

त्याला म्हणे धान्याच्या वसुलीच्या कामाला दुसरीकडं पाठवलं होतं. उद्या येतील, गुंडू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच. त्याच्या पुढच्या दिवशीही उद्याच. इकडं वैशाखाची उष्णता आणि आत दाबलेली ओली तंबाखू. मनुबाई थप्पीवर हात ठेवायची तर पोत्यावरून ऊब लागायची, तापलेल्या पोराच्या कपाळासारखी. ती मनाला समजवायची, उन्हाचीच ऊब असेल. पण वास? वासाला काय समजवणार? तंबाखूचा वास नाकाला झोंबतो. हा वास कुबट होता, गोडसर, ओल्या गोणपाटाखाली काहीतरी मेल्यासारखा.

उघडून पसरावी तर वाळणार, वाळली तर वजन जाणार, आणि नेमका त्याच वेळी साहेब दारात येणार. न उघडावी तर आत काय होतंय ते तिला चांगलं ठाऊक. जन्म तंबाखूत गेलेला. दिवसातनं किती वेळा तिनं पोत्याची कड धरली आणि सोडली त्याला गणती नाही. तिला अन्न गोड लागेना. नागोजी काही बोलायला आला की ती अंगावर धावून जायची, आणि मग चुलीपाशी बसून रडायची.

मालुबाई एकदा आली. “आक्का, माझी थोडी पानं काढून द्याल का? लपवून भाजीन. जोंधळा लई चढलाय, घरात पीठ न्हाय.”

“आता नको. सायेब मोजणार हाय. एक पान हललं तर आमाला बांधून न्हेतील.”

“बरं बरं,” मालुबाई घाईनं म्हणाली. मग तिनं नाक वर केलं. “आक्का, वास कसला येतोय?”

“बैलाचा असंल,” मनुबाई म्हणाली आणि तिला सूपभर पीठ देऊन वाटेला लावलं. मालुबाईच्या नाकाला तंबाखू आणि बैल कळत नाही असं थोडंच होतं? पण ती गप्प गेली.

साहेब आला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. घामानं डबडबलेला, सायकलचं चाक पंक्चर म्हणून ती ढकलत आणलेली. त्यानं ताकसुद्धा मागितलं नाही. काटा लावला, बोद चढले, वही उघडली. मनुबाई खांबाला धरून उभी होती.

साहेबानं आकडा वाचला, वहीत बघितलं, परत आकडा वाचला.

“कमी नाही?”

“न्हाय सायेब,” मनुबाई पटकन म्हणाली. “एक पान हलू दिलं न्हाय.”

“तेच म्हणतो मी. कमी कसं नाही? ह्या उन्हात जिथं जिथं गेलो तिथं घट. मारुतीरावांच्या वखारीत तर कालच केवढी घट लिहून आलो.”

“मग त्यांला धरलं?” नागोजीनं विचारलं.

“धरायचं कशाला? वाळलं की पान हलकं होणारच. त्याला सूट असते. घट दाखवायची, मी लिहून घेतो, तेवढ्यावर कर नाही. संपलं.”

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत राहिली.

“आमाला कुणी सांगिटलं न्हाय,” नागोजी म्हणाला.

“तुम्ही विचारलं नाही. मारुतीरावांच्या मुनीमानं पहिल्या दिवशीच विचारलं होतं.”

विचारायलासुद्धा ऐपत लागते, बाबा. ज्याच्या दारात पगारी मुनीम आहे त्याला कायद्याची सवलत गादीवर बसल्या बसल्या मिळते, आणि ज्याच्याकडं नाही त्याच्या वाट्याला नुसता कायद्याचा धाक येतो. साहेब वाईट माणूस नव्हता. पण चाळीस गावं एका सायकलवर, तो तरी कुणाकुणाला काय सांगत बसणार?

मग साहेबानं नाक मुरडलं आणि परत रचलेल्या थप्पीवरचं पोतं ओढलं. वरचा थर चांगला होता, रंग सुंदर. त्याच्या खाली हात घातला आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. वाफ बाहेर आली. आतली पानं काळी पडून एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यावर पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरलेली. मनुबाईनं ते बघितलं आणि ती मटकन खाली बसली. “माझ्या हातानं,” ती म्हणाली. “माझ्या ह्या हातानं केलं.” तिनं तो हात जमिनीवर आपटला. नागोजी तिला उठवायला वाकला, पण तिला त्यानं शिवलेलं सोसेना.

“ह्याच्यावर कर बसतो का, सायेब?” नागोजीनं विचारलं.

“लिहिलंय तेवढ्यावर बसतो.” साहेबानं वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाला, “नासलेला माल माझ्यासमोर जाळला तर तेवढा वजा करता येतो. पण आजच जाळा. मी परत कधी येईन ते माझं मलाच ठाऊक नसतं.”

अंगणात नासकी पानं बाहेर पडायला लागली. निम्म्याहून जास्त ढीग गेला. ओली तंबाखू धड पेटत नव्हती, नुसता धूर काढत होती, आणि त्या धुरानं सगळ्यांचे डोळे भरून आले, त्यामुळं कोण रडतंय ते कळत नव्हतं. वर जे शाबूत उरलं त्याच्याकडं मनुबाई बघत होती. त्यातून शेतसारा जाणार. मारुतीराव भावातून त्यांचा कर काढणार. मग मीठ-मिरची, पुढच्या रोपाची तजवीज, आणि दसऱ्यापर्यंतचा जोंधळा, तोही ह्या भावानं. कसंबसं, दात-ओठ खाऊन, निभलं तर निभलं. त्यातून एक भरलेली पाटी काढली तर मात्र निभणार नाही. आणि ज्या वरच्या थरामुळं एवढं तरी उरलं, त्या थरात सगळ्यात वर जी पानं होती ती कुणाची, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

धूर बघून मालुबाई रानातून पळत आली. पदर सुटलेला, हातात खुरपं तसंच. तिनं जळता ढीग बघितला, बाजूची चांगली पानं बघितली आणि धापा टाकत उभी राहिली. मग म्हणाली, “आक्का, माझं कुठलं हुतं?”

नागोजीनं मान वर केली. थप्पी रचताना तो तिथंच होता.

मनुबाईला वाटलं, सांगावं. अगदी ओठापर्यंत आलं होतं. आणि मग तिला दसरा दिसला, रिकामी कणगी दिसली, आणि तिच्या तोंडातून आवाज आला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“मधलं हुतं गं तुझं,” ती म्हणाली. “नासलं.”

नागोजीनं मान खाली घातली आणि काठीनं धग सारखी करायला लागला.

पावसाळाभर काय खायचं हा विचार मालुबाईच्या तोंडावरून सरळ चालत गेला, तो सगळ्यांना दिसला. मग ती मनुबाईच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“रडू नका, आक्का. माझी एक पाटीच गेली. तुमचं तर लई गेलं.”

मालुबाई तिची पाठ चोळत राहिली. थोड्या वेळानं संकोचून म्हणाली, “मूठभर चांगली द्याल का? इकायला न्हाय. माझ्या दातापुरती.”

साहेब ऐकत होता. त्यानं तोंड फिरवलं आणि सायकलच्या चाकाशी काहीतरी करायला लागला. मनुबाई उठली, वरच्या थरातली एक मूठ घेतली आणि मालुबाईच्या पदरात घातली. मालुबाईनं ती नाकाशी नेली, वास घेतला, आणि पदराची गाठ मारली.

“देव तुमाला कमी करणार न्हाय, आक्का,” ती म्हणाली, आणि खुरपं घेऊन परत रोजावर गेली.